थम्स अपमधला ‘बी’ कुठे गेला?

आपल्या भोपाळच्या मराठी घरांत पाहुणे आले की “अरे, ठंडा आण” असं सहज म्हटलं जातं. बोलण्यात ते छानच वाटतं. पण घरातली मुलं आता इंग्रजीत निबंध आणि ई-मेल लिहितात, शिकायला परदेशी जातात. तिथे या पेयांची नावं नीट वापरता यायला हवीत, असं मला वाटतं.

पहिलं थम्स अप. अंगठ्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘बी’ असतो, या नावात नाही. मोबाइल तो आपणहून घालतो, तो काढून टाकायचा. १९७७ मध्ये परकी मालकी कमी करण्याची सरकारची अट न मानता कोका-कोला कंपनी देश सोडून गेली, तेव्हा पार्लेनं थम्स अप आणलं. १९९३ मध्ये कोका-कोला परतली, तिनं थम्स अप विकत घेतलं. स्पेलिंग मात्र तेच राहिलं.

कोका-कोलाचंही तसंच. ‘कोला’ हे मूळ फळाचं नाव ‘के’नं लिहीत. १८८६ मध्ये अटलांटात हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सन यांनी, जाहिरातीत दोन ‘सी’ शोभून दिसतील म्हणून, तिथे ‘सी’ घातला. विशेषनाम कसं लिहायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. इथल्या कागदपत्रांत ‘काळे’चं ‘काले’ झालं की आपल्याला खटकतंच ना?

दुसरी गोष्ट मोठ्या अक्षराची. ‘कोक’मधला ‘सी’ मोठा असेल तर ते पेय. लहान असेल तर दगडी कोळशापासून केलेलं इंधन, जे भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीत घालतात! बोलीभाषेत तर तो कोकेनचा अर्थही होतो. निबंधात ‘मला कोक आवडतो’ लिहिताना तेवढं जपावं.

बाटल्या किंवा ग्लास मोजायचे असतील तर ‘टू कोक्स’ म्हणायला हरकत नाही. नुसतं पेय थोडंसं हवं असेल तर ‘सम कोक’.

आणि ‘कोल्ड ड्रिंक’? इंग्रजीत गार ताक, लिंबू सरबतसुद्धा कोल्ड ड्रिंकच. आपल्याला अभिप्रेत असतं ‘सॉफ्ट ड्रिंक’, म्हणजे ज्यात दारू नाही असं पेय. इंग्लंडात ‘फिझी ड्रिंक’ म्हणतात. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘सोडा’ म्हणतात, काही भागांत ‘पॉप’, आणि दक्षिणेत कुठलंही असं पेय ‘कोक’च! आपल्याकडे सोडा मागितला तर साधा, बिनगोडाचा मिळतो; तिकडे ‘सोडा’ म्हटलं की लोकांच्या मनात गोड पेय येतं.

म्हणून तिकडे गेल्यावर जे हवं त्याचं पूर्ण नाव घ्यावं. घरी मात्र ‘ठंडा’ खुशाल चालू द्या.