हातगाडीवरचा क्यूआर

कोथिंबिरीची जुडी पंधराला. पूर्वी सुट्ट्यांपायी गिऱ्हाईक परत जायचं, आता स्कॅन करून मोकळं होतं. यूपीआय 2016 साली आलं. 2020 पासून त्यावर विक्रेत्याला शुल्क नाही. ‘पैसे मिळाले’ म्हणून ओरडणाऱ्या डब्याचं भाडं बहुधा वेगळं. खरी पंचाईत पहाटे: अडत्या, हमाल, टेम्पोवाला रोख मागतात आणि कालचा गल्ला खात्यात, म्हणजे आधी एटीएम गाठा.

जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. काहींनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’ अशी पाटी लावली. वास्तविक ताज्या भाजीवर जीएसटी नाही. शिवाय जमा म्हणजे नफा नव्हे. पण ते दाखवायला खरेदीच्या पावत्या हव्यात, आणि हातगाडीवाल्याकडे त्या सहसा नसतात.