कुऱ्हाडे सापडेनात

सकाळी साडेदहाला मी चारठाण्यातल्या आमच्या घरी, माळवदाखालच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसते. चारठाण्याचं नाव निघालं की लोकांना इथली यादवकाळातली देवळं आठवतात. माझं काम मात्र पुण्याच्या कंपनीचं, टेस्टरचं. लॉकडाऊनमध्ये घरी आले ती इथूनच करते. पलीकडे पुण्या-बंगळुरूचे डेव्हलपर असतात. आदल्या दिवशी सापडलेल्या वीस-पंचवीस चुका पुढ्यात घ्यायच्या आणि एकेकीचं ठरवायचं : आत्ता दुरुस्त करायची, पुढच्या रिलीजला ढकलायची की सोडून द्यायची? करायची तर कुणी? याला बग ट्रायज म्हणतात.

आई विचारते, "सकाळच्या पारी कुणाशी भांडायलीस?"

भांडण नसतं ते, निवडणं असतं. ज्या फ्रेंच क्रियापदातून ट्रायज हा शब्द आला त्याचा अर्थच निवडणं, वेगवेगळं करणं. नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे नावाच्या शल्यविशारदाने जखमींवर उपचार करताना हुद्दा न बघता जखम बघायचा नियम घातला. आमच्या बैठकीतही तेच अपेक्षित असतं. बग साहेबांना दिसला की शिकाऊ पोराला, यावरून त्याचा नंबर लागू नये.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : सिव्हिरिटी म्हणजे चूक किती खोल आहे आणि प्रायॉरिटी म्हणजे ती किती लवकर काढायची. पहिल्याच पानावर परभणीचं 'परभनी' झालं असेल, तर अ‍ॅपचं काही अडत नाही; पण प्रत्येकाला ते दिसतं आणि काढायला पाच मिनिटं लागतात, म्हणून ते आधी. उलट, जन्मसाल १८०० टाकल्यावर अ‍ॅप बंद पडत असेल तर चूक मोठी, पण तसं करणार कोण? ती थांबू शकते. खोली टेस्टरने सांगायची, दुरुस्तीला किती वेळ लागेल आणि त्यात दुसरं काय मोडू शकेल ते डेव्हलपरने सांगायचं, आणि क्रम सगळ्यांनी मिळून लावायचा. यातला एक जरी गप्प बसला तरी क्रम चुकतो.

गेल्या वर्षी आम्ही दवाखान्यांसाठी रुग्णनोंदणीचं अ‍ॅप करत होतो. लॅपटॉपवर मी 'कुऱ्हाडे' नावाचा खोटा रुग्ण नोंदवला आणि त्याला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असं लिहिलं. दुपारी बाबांच्या साध्या फोनवर तेच नाव शोधलं, तर रुग्ण सापडेना. अ‍ॅप म्हणालं, नवी नोंद करा. केली. आता कुऱ्हाडे दोन झाले आणि दुसऱ्याच्या नावापुढे अ‍ॅलर्जीची जागा कोरी.

मी बग टाकला. डेव्हलपरने तो "माझ्याकडे असं होत नाही" म्हणून परत पाठवला. तो खोटं बोलत नव्हता. यादीतलं नाव कॉपी करून तो शोधत होता, त्यामुळे त्याला ते दर वेळी सापडणारच. चूक माझी होती : बाबांचा फोन, त्यातला कीबोर्ड, नाव टाइप करून शोधलं, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळं पायरीपायरीने लिहिलं, व्हिडिओ जोडला आणि तिकीट, म्हणजे त्या बगची नोंद, पुन्हा उघडलं.

मग उलगडा झाला. मराठीतला तो आडवा र, पापणीसारखा दिसणारा, संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी तऱ्हा साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत; दुसरी जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, पण आतले आकडे वेगळे. लॅपटॉप एका तऱ्हेने लिहीत होता, बाबांचा फोन दुसऱ्या.

पहिल्या दुरुस्तीत डेव्हलपरने ते अदृश्य चिन्हच काढून टाकलं. झालं, नावावर रफार चढला : कुर्हाडे. त्याला मराठी येत नाही, त्याला यात वावगं काय दिसणार? मी त्याला 'दर्या' आणि 'दऱ्या' असे दोन शब्द पाठवले. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दोन मिनिटांनी त्याचा फोन आला, "म्हणजे माणसाचं आडनावच बदलत होतो मी!" त्यानंतर त्याला कधी काही पटवावं लागलं नाही.

बैठकीत कुणीतरी म्हणालं, एका अक्षरासाठी रिलीज अडवायचं? फेब्रुवारी २०१८मध्ये तेलुगूतल्या एका जोडाक्षराने आयफोनवरची अ‍ॅप्स बंद पडत होती आणि अ‍ॅपलला त्यासाठी आयओएस ११.२.६ काढावं लागलं होतं, हे मी सांगितलं. पण निर्णय त्याने फिरला नाही. अ‍ॅलर्जीची कोरी जागा मी सगळ्यांना पडद्यावर दाखवली, आणि मग वाद उरला नाही. त्याच दिवशीचे आठ बग पुढे ढकलले. त्यातले तीन माझेच होते, आणि ते ढकलायला मीच हो म्हटलं.

चार दिवसांनी नवं बिल्ड आलं. आता दोन्ही तऱ्हांचा र एकाच रूपात साठवला जात होता, जुन्या नोंदीही बदलून घेतल्या होत्या. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांच्याकडून फोन घेतला, बोटाने एकेक अक्षर दाबत नाव लिहिलं. कुऱ्हाडे आले, आणि त्यांच्या नावाखाली लाल अक्षरांत पेनिसिलिन.

मी तिकीट बंद केलं आणि बाबांना फोन परत दिला.