‘माय फादर आर कमिंग’

आपल्या शाळांतून इंग्रजी शिकविणाऱ्या गुरुजींच्या लाल पेन्सिलीने आजवर किती वडिलांना फुली मारली असेल, याची गणती नाही. ‘माझे वडील येत आहेत’ हे वाक्य मनात घोळवीत मुलगा ‘माय फादर आर कमिंग’ असे लिहून मोकळा होतो, आणि त्या ‘आर’वर पेन्सिल चालते. व्याकरण गुरुजींच्या बाजूचे आहे यात शंका नाही. पण एका वडिलांचे अनेकवचन मुलाने केले ते काही केवळ अज्ञानाने नव्हे. वडिलांना एकवचनात बोलायचे नाही, हे वळण त्याला घरात लागलेले असते.

गुरुजी मराठी असले तर त्यांना या चुकीचे मूळ ठाऊक असते. परमुलखातून इंग्रजी शिकवायला आलेल्या शिक्षकाला ते कोठून कळावे? त्याला सारेच कोडे. ‘समजले का?’ म्हणून विचारावे तर सारा वर्ग माना डोलावतो, आणि कोणाला काहीच समजले नव्हते हे परीक्षेत उघड होते. कारण भर वर्गात शंका काढणे म्हणजे सरांच्या शिकविण्यात खोट काढणे, असे मुलांना वाटते. पहिल्याच भेटीत शेजारी विचारतात, ‘लग्न झाले का? पगार किती?’ निरोप घेताना पाहुणा ‘येतो’ म्हणतो आणि चालू लागतो! पाणी आणून दिले तर आभार मानीत नाहीत, कारण घरच्या माणसांचे आभार मानणे हाच आपल्याकडे परकेपणा. ज्याला हे उलगडत नाही तो आपल्या मनाशी ठरवून टाकतो की, ही माणसे भोचक आहेत आणि मुले मठ्ठ आहेत. तसे ठरले की शिकविणे तेथेच संपले.

ज्यांना हे कोडे सोडवावेसे वाटले, अशा दोघांची गोष्ट सांगण्याजोगी आहे.

पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेच पुढे पूना कॉलेज आणि १८६४ साली डेक्कन कॉलेज झाले. या कॉलेजावर १८५७ च्या सुमारास एडविन अर्नोल्ड हा पंचविशीतला इंग्रज कवी प्राचार्य म्हणून आला. गोरे आणि एतद्देशीय यांच्यात संशयाची भिंत उभी राहण्याचेच ते दिवस. या तरुणाने मात्र येथे राहून संस्कृताचा अभ्यास मांडला. १८६१ मध्ये तो मायदेशी परतला, आणि त्याच वर्षी त्याचे ‘हितोपदेशा’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. पुढे १८८५ मध्ये त्याने गीता इंग्रजी पद्यात उतरविली. विलायतेत कायदा शिकणाऱ्या गांधीजींना गीतेची पहिली ओळख झाली ती या भाषांतराच्या सोबतीने. शिकवायला आलेला साहेब येथे जे शिकला, त्याचे व्याज असे आपल्यालाच परत मिळाले.

दुसरे उदाहरण डॉ. मॅक्सीन बर्नसन यांचे. १९६१ साली त्या अमेरिकेहून हैदराबादच्या विवेकवर्धिनी महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला आल्या. ती संस्था मराठी माणसांची. मराठीशी सूत जुळले ते कायमचे. पुढे भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी त्या फलटणला राहिल्या. एकाच गावातली मराठी समाजागणिक कशी बदलते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. जाई निंबकरांबरोबर त्यांनी परक्यांना मराठी शिकविणारी पुस्तके लिहिली, १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले, आणि १९८६ मध्ये फलटणला ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा उभी राहिली, तीही मराठी माध्यमाची! इंग्रजी शिकवायला आलेल्या बाईंनी आपल्या मुलांसाठी मराठी शाळा काढावी, आणि आपण मात्र मराठी शाळेकडे पाठ फिरवावी, यावर अधिक काय बोलावे?

आता वारे उलटे वाहते आहे. आपलीच मुले-मुली परदेशी विद्यापीठांत शिकता शिकता शिकवूही लागली आहेत. तेथे विद्यार्थी सरांना नावाने हाक मारतो, कॉफीचा पेला घेऊन वर्गात बसतो आणि मध्येच हात वर करून ‘हे मला पटत नाही’ म्हणतो. शिक्षक वर्गात येताच उठून उभे राहण्यात वाढलेल्या मुलाला हा अपमान वाटतो. रात्री फोनवर त्याचा आवाज जड लागतो, आणि इकडे आईच्या घशाखाली घास उतरत नाही. त्या मुलाला कोणीतरी सांगायला हवे की, ‘पटत नाही’ म्हणणारा विद्यार्थी त्याच्या रीतीने तुझे बोलणे मनावर घेतो आहे. आपल्या मुलाने ‘आर’ लिहून वडिलांचा मान राखावा, तसेच हे.

तेव्हा या दिवाळीत परदेशातल्या लेकराला ‘जेवलास का?’ असे विचारून झाले की, ‘तुझ्या विद्यार्थ्यांनी तुला काय शिकविले?’ असेही एकदा विचारून पाहावे.