मे महिना कोटात

उन्हाळा आला की मुंबईच्या मध्यमवर्गीय माणसाला गावाचे वेध लागतात. परीक्षा आटोपतात, बॅगा माळ्यावरून खाली येतात, रेल्वेच्या तिकिटासाठी कुणाकुणाच्या ओळखी निघतात, आणि ज्यांचे गाव कोकणात आहे ती मंडळी एप्रिलपासूनच फणसाच्या गोष्टी सांगू लागतात. ज्यांना गाव नाही, किंवा गावात आता कुणी उरलेले नाही, ती माणसे मागे राहतात आणि "यंदा उकाडा जरा जास्तच, नाही?" असे एकमेकांना विचारीत गॅलरीत अंथरुणे घालतात. मी या दुसऱ्या मंडळींपैकी. आमचे गाव म्हणजे गिरगाव.

त्या गावातली आमची दहा बाय बाराची खोली आता जायची आहे. चाळ पुनर्विकासात निघाली, कागदांवर सह्या झाल्या, आणि हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमची भांडी पेट्यांत गेलेली असतील. नवी इमारत उभी राहीपर्यंत मिरा रोडला भाड्याच्या घरात राहायचे ठरले आहे. किती वर्षे, ते विचारू नका. चाळीत कुणीही ते विचारीत नाही.

एप्रिलच्या शेवटी ठाण्याहून नातवंडे सुट्टीला आली. नातू आठवीतला, नात चौथीतली. त्याच रात्री आमच्या सौभाग्यवतींनी जाहीर केले, "यंदा कुठ्ठे जायचं नाही. ही मुंबई पायाखाली आहे तोवर बघून घ्यायची."

"अगं, पस्तीस वर्षं कोटात नोकरी केली मी. बघायचं काय राहिलंय?"

"तुम्ही नोकरी केलीत हो. मी कुठे केली? माझा कोट म्हणजे सचिवालयातलं रेशनकार्डाचं काम आणि तुमच्या निरोप-समारंभाचा पेढा."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला पाण्याच्या दोन बाटल्या, एक जुनी चादर आणि कुरमुऱ्यांचा डबा घेऊन आम्ही चौघे निघालो. पुढचा दीड महिना, दोनचार दिवस सोडले तर, रोज निघालो.

'कोट' हा शब्द नातवंडांना कळेना. कोट म्हणजे फोर्ट. इंग्रजांनी बांधलेली तटबंदी १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत पाडली गेली. तट गेला, नाव मात्र गिरगावकरांच्या तोंडी राहिले. त्या तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे रान राखलेले होते, त्याला एस्प्लनेड म्हणत. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्याच रानाचे चार तुकडे. म्हणजे आज मुंबईच्या पोटात जी काही मोकळी हवा उरली आहे, ती तोफांच्या कृपेने! मला सर्वांत गंमत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. कोटातल्या दाटीत उन्हाळा सोसेनासा झाला की गोरे साहेब याच मैदानावर तंबू आणि कामचलाऊ बंगले ठोकून राहत आणि पावसाळा तोंडावर आला की ते मोडून परत आत जात. उन्हाळ्यात समुद्राकाठी हवा खायला जाण्याची आमची चैन, तीही या जागेला नवी नाही. फरक इतकाच, की त्यांना तंबू होता आणि आम्हांला चादर.

मुंबईच्या उन्हाळ्याबद्दल एक सांगितले पाहिजे. मे महिन्यात इथला पारा सहसा चौतीसच्या आसपास असतो. नागपूरकर हे वाचून हसतील. पण नागपूरच्या उन्हात घाम वाळतो, आमचा वाळत नाही. हवेतच इतके पाणी असते, की अंगावरचे पाणी घ्यायला ती तयार नसते. यावर औषध एकच, ते म्हणजे वारा. दिवस चढला की जमीन समुद्राआधी तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिची जागा भरायला समुद्रावरची गार हवा पश्चिमेकडून धावत येते. ज्या दिवशी हा वारा सुटायला उशीर होतो त्या दिवशी शहर भट्टीसारखे होते. आमच्या खोलीत तो पोचतच नाही, मधे सहा इमारती आहेत. पण मरीन ड्राइव्हवरून थेट हॉर्निमन सर्कलपर्यंत जाणारा वीर नरिमन रस्ता हा वाऱ्याची नळीच आहे. पाच वाजता चर्चगेटच्या फुटपाथवर पूर्वेकडे तोंड करून उभे राहा; पाठीवरचा सदरा कसा सुटा होतो ते पाहा. पस्तीस वर्षे हा वारा माझ्या पाठीवर होता आणि मी ५:५२ची गाडी पकडणाऱ्या सहकाऱ्यांना वाट देत होतो!

ओव्हल मैदान आमचे मुख्य ठाणे झाले. त्याचा विस्तार सुमारे बावीस एकर आहे. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या दगडी, टोकदार कमानींच्या इमारती, पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या गोलसर गॅलऱ्यांच्या इमारती, मधे गवत. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. नातवाला त्याचे काही नाही. त्याचा वारसा म्हणजे मधली माती. तिथे एकाच वेळी पंधरावीस सामने चालतात. एका सामन्याचा मिडऑफ हा दुसऱ्याचा स्लिप असतो आणि तिसऱ्याचा चेंडू कुणीही परत फेकतो. तिसऱ्या दिवशी अकरातला एक मुलगा गावाला गेल्यामुळे आमच्या नातवाला एका संघात जागा मिळाली. नाव, शाळा, राहणे कुठे, कुणी विचारले नाही. "बॉल टाकतोस?" एवढेच विचारले. ठाण्याच्या सोसायटीत त्याला खेळायला अर्ज करावा लागतो.

हे मैदान नेहमी असे हिरवे नव्हते, हेही सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा संध्याकाळनंतर तिकडे कुणी फिरकत नसे. कचरा, अंधार आणि नको ती माणसे. १९९०च्या दशकात आसपासच्या रहिवाशांनी एकत्र येऊन, न्यायालयाची पायरी चढून, ते सुधारून घेतले. आज त्याला कुंपण आहे, पण मधून आरपार जाणारी पायवाट आहे, आणि न्यायालयातला शिपाई व वकील दोघेही तिच्यावरूनच स्टेशन गाठतात. आझाद मैदान दाखवायलाही नातवाला नेले. १९८८च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी पोरांनी तिथे ६६४ धावांची अभंग भागी रचली. नातू ते मुकाट ऐकून घेऊन वाकला आणि चिमूटभर माती खिशात टाकली. घरी आल्यावर आजीने खिसा झटकला आणि रामायण झाले, ते असो.

ओव्हलवरून वर पाहिले की राजाबाई टॉवर दिसतो. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने त्याला पैसा दिला आणि १८७८ साली तो पुरा झाला. उंची २८० फूट. त्या माउलीला दिसत नसे, आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचे तर वेळ कळावी म्हणून मुलाने घड्याळ बांधले, असे सांगतात. आमच्या नातीला हे इतके पटले, की टोले पडू लागले की ती "आजी, जेवायची वेळ झाली" म्हणून कुरमुऱ्यांचा डबा उघडी.

खाण्यापिण्याचे मी लांबवणार नाही. ताडगोळे डझनावर घ्यावेत, सोलायला नातवंडांना द्यावेत. रस रसवंतीत बसून प्यावा. पन्हे मात्र घरचे. गोळ्याबद्दल घरात दोन पक्ष आहेत. काला खट्टा ओतलेला बर्फाचा गोळा सौभाग्यवतींच्या मते विष आहे आणि तो त्यांनी महिन्यात चार वेळा खाल्ला. मुंबईला बर्फ प्रथम आले ते अमेरिकेतल्या बोस्टनहून, १८३०च्या दशकात, जहाजात लाकडाच्या भुशात बांधून! त्या काळी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एका मेजवानीत आइस्क्रीम ठेवले आणि दुसऱ्या दिवशी यजमानांसकट पाहुण्यांना पडसे झाले, अशी कथा आहे. ही कथा मी घरी दोनदा सांगितली; दोन्ही पक्षांनी ती आपल्या बाजूची समजून घेतली.

खरी अडचण दुपारची. संध्याकाळ कुणालाही सजवता येते. पण बारा ते चार, जेव्हा चाळीचा पत्रा तापतो, तेव्हा माणसाने जायचे कुठे? जहांगीर कलादालन हा एक उत्तम मार्ग. १९५२पासून ते उघडे आहे आणि आत जायला दाम लागत नाही. चित्रे कळो न कळो, सावली कळते. नात एका निळ्या चित्रासमोर अर्धा तास बसली; चित्रकार जवळच होता, त्याने तिला विचारले, "काय दिसतंय?" ती म्हणाली, "गार." तो बिचारा खूष झाला. समोरच डेव्हिड ससून ग्रंथालय, १८७०चे. मी सभासद आहे, म्हणून मागच्या बागेतल्या खुर्चीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडण्याचा मला हक्क आहे, आणि तो मी नोकरीत असतानाही डब्याच्या सुट्टीत बजावीत असे.

पण सगळीकडे असे नाही. एका बागेच्या फाटकावर भर दीडला कुलूप होते आणि पाटी, की बाग दुपारी बंद. आत दाट झाडे, खाली गार सावली, आणि बाहेर कुंपणाच्या अरुंद छायेत भाजीवाली, दोन कुरिअरची पोरे आणि आम्ही. उन्हाळ्यात सावली दुपारी लागते, हे वेळापत्रक ठरवणाऱ्याला कुणी सांगितले नसावे. पुढे एका नव्या कचेरीसमोर सुरेख फरसबंद जागा आणि दगडी बाक दिसले. प्रत्येक बाकावर मधोमध लोखंडी पट्टी, कुणी आडवे होऊ नये म्हणून. आम्ही टेकलो, तर पहारेकरी आला.

"काका, इथे बसायचं नाही."

सौभाग्यवती म्हणाल्या, "अरे बाळा, मग बाक कशाला ठेवलाय?"

पहारेकरी पंचविशीचा, सांगलीकडचा. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "साहेब कॅमेऱ्यात बघतात, मावशी. मलाबी बसू देत नाहीत." बारा तास उभ्याने काम. राहायला नऊजणांत एक खोली, पाळीपाळीने झोपायची. सुट्टीच्या दिवशी काय करतोस, असे मी विचारले. "क्रॉस मैदानात झाडाखाली झोपतो. तिथं कोण उठवत नाही." सौभाग्यवतींनी उरलेले पन्हे त्याला दिले. त्याने ते कॅमेऱ्याकडे पाठ करून प्यायले.

त्या दिवसापासून आमचे फिरणे थोडे बदलले. कुठे बसू देतात आणि कुठे नाही, हे सौभाग्यवती पाहू लागल्या, आणि त्यांचा हिशेब माझ्या बँकेपेक्षा काटेकोर. एशियाटिक सोसायटीच्या तीस पायऱ्या: बसू देतात, संध्याकाळी सावली, वारा समोरून नाही पण डावीकडून लागतो. टाउन हॉल म्हणून १८३३ साली ही इमारत उघडली. आज तिच्या पायऱ्यांवर परीक्षेची पोरे, लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी आणि पेन्शनर एकाच ओळीत बसतात. हॉर्निमन सर्कलची बाग: जुनी झाडे, चांगली गर्दी, चांगले लोक. बेंजामिन हॉर्निमन हे 'बॉम्बे क्रॉनिकल'चे इंग्रज संपादक. आपल्या बाजूने लिहिले म्हणून सरकारने त्यांना १९१९ साली हद्दपार केले, आणि एल्फिन्स्टन यांच्या नावाची जागा पुढे त्यांच्या नावाची झाली. तिथून थोड्या अंतरावर रतनशी मुळजी जेठा यांनी १८९४च्या सुमारास बांधलेली दगडी पाणपोई आहे. त्यांचा मुलगा धरमसी लहानपणीच गेला. त्याच्या स्मरणार्थ बापाने वाटसरूंसाठी आणि जनावरांसाठी पाण्याची सोय केली. सौभाग्यवती तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. आमचा थोरला असता तर आता पन्नाशीला आला असता. आम्ही त्यावर बोललो नाही. नातीने विचारले, "गाईम्हशी इथे पाणी प्यायच्या?" आणि आम्ही पुढे निघालो.

हुतात्मा चौकात मात्र मी मुद्दाम थांबवले. १९५५च्या नोव्हेंबरात तिथे गोळीबार झाला तेव्हाची हकिकत माझ्या वडिलांनी मला याच जागी उभे करून सांगितली होती. मी ती नातवाला सांगितली. शेजारचे फ्लोरा फाउंटन १८६४चे. आता खालून भुयारी मेट्रो धावते, स्थानकाला चौकाचेच नाव आहे.

शेवट रोज मरीन ड्राइव्हवर. कठडा दिवसभराचा तापलेला असतो, म्हणून चादर. साडेसातपर्यंत बसायचे, दिवे लागताना पाहायचे, मग चालत चौपाटीवर, टिळकांच्या पुतळ्यावरून घरी. त्या कठड्यावर कुणी कुणाला उठवीत नाही. शेजारी एक गृहस्थ रोज बसत. दीड महिन्यात आमचे बोलणे "आज वारा बरा आहे" एवढेच झाले, पण एक दिवस ते आले नाहीत तर सौभाग्यवतींना चुकल्यासारखे झाले.

जूनमध्ये पाऊस आला, नातवंडे ठाण्याला गेली, गोळेवाला कणसे भाजू लागला. आता पेट्या बांधणे चालू आहे. चादर मात्र वर ठेवली आहे. परवा सौभाग्यवतींनी वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारले, "मिरा रोडहून चर्चगेटला दुपारी जलद गाडी किती वाजता आहे हो?"

मी वेळापत्रक आणून दिले आहे.