नवी बॅटरी घेण्याआधी

लूनाला पायडल होते. १९८४ साली कायनेटिक होंडा बटणासह आली आणि बॅटरीची काळजीही घरात शिरली! नाशिकच्या थंडीत बॅटरी आधीच आळसावते. त्यात कॉलेज रोडवरच्या छोट्या छोट्या फेऱ्यांत ती पुरती भरत नाही.

मैत्रिणींनो, ऐन शाळेच्या वेळी गाडी अडली, तरी लगेच नवी बॅटरी घेऊ नका. आधी तिची टोके घट्ट व स्वच्छ आहेत ना, पाहा. मग मेकॅनिकला मीटर लावायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीवर साधारण १२.६ व्होल्ट हवेत. गाडी चालू करून रेस दिल्यावर आकडा १४च्या आसपास गेला, तर चार्जिंग ठीक, बॅटरीच तपासा. चढलाच नाही, तर दोष रेग्युलेटर, कॉइल किंवा वायरचा. तो काढला नाही तर नवी बॅटरीही उतरेल. आकडा स्वतः पाहा, मगच पर्स उघडा!