तोतया वारंवारता आणि मराठीतील दोन ‘च’

अंकीय संकेतप्रक्रियेकडे वळणाऱ्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास सर्वाधिक अडखळविणारी कल्पना ‘एलियसिंग’ ही होय. तिचे सूत्र पाठ होते, परंतु अर्थ मनात ठसत नाही. मराठी ध्वनींच्या आधारे तो स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न आहे.

ध्वनी अखंड असतो. यंत्र मात्र ठरावीक अंतराने त्याची मापे घेते. या मापांस नमुने म्हणतात. सेकंदास ८००० नमुने घेतले आणि मूळ स्वर ५००० हर्ट्‌झचा असला, तर दोन नमुन्यांमधील काळात त्याचा ५/८ फेरा होतो. चाकावर एक खूण कल्पावी. ५/८ फेरा पुढे गेलेली खूण आणि ३/८ फेरा मागे आलेली खूण एकाच जागी दिसते. म्हणून नोंदलेले अंक ३००० हर्ट्‌झच्या स्वराच्या अंकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. ही तोतया वारंवारता होय. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाच्या चौकशीत साक्षीदार तरी होते. येथे साक्षीदारच उरत नाही.

यास्तव नमुनादर ध्वनीतील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक असावा लागतो. या नियमाचे बीज नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या विवेचनात आहे. शॅनन यांनी १९४९ साली त्याची सिद्धता मांडली.

आता ‘चार’मधील तालव्य व ‘चारा’मधील दंततालव्य ‘च’ घ्या. लिपीत दोन्ही एकच. भेद केवळ उच्चारात. दंततालव्य ‘च’च्या घर्षणाची ऊर्जा ‘स’प्रमाणे बव्हंशी ४००० हर्ट्‌झच्या वर असते. ८००० च्या नमुनादराने ती टिपताच येत नाही. नमुने घेण्यापूर्वी गाळणी लावली, तर ती ऊर्जा नष्ट होते. न लावली, तर ती खालच्या पट्ट्यात तोतयाच्या रूपाने शिरते. मागाहून लावलेली गाळणी तोतयास खऱ्यापासून वेगळे करू शकत नाही. नमुनादर नंतर वाढविल्यानेही काही परत मिळत नाही. अंक वाढतात, माहिती वाढत नाही. उच्च दराचे मुद्रण लहान करण्यासाठी एकाआड एक नमुना टाकून देणे, हेही गाळणीवाचून तितकेच घातक.

आंब्याच्या घाटाअलीकडील मलकापूर परिसरात एखाद्या वृद्धेची बोली मुद्रित करावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याने हे आधीच जाणावे. सेकंदास ४४१०० नमुन्यांचा दर निवडण्यास क्षणभर पुरतो. तो न निवडल्यास पुढील संशोधकास त्या बोलीतील दोन ‘च’ वेगळे होते की नाहीत, हे त्या मुद्रणावरून खात्रीने सांगता येणार नाही. आणि तोवर विचारावयास ती वृद्धा कदाचित नसेल.