मुलगी फ्रान्सला शिकायला निघते तेव्हा

परदेशी शिक्षण म्हटलं की आपल्याकडे अमेरिका, इंग्लंड, फार तर ऑस्ट्रेलिया एवढीच नावं निघतात. फ्रान्स म्हणजे अत्तरं, फॅशन आणि आयफेल टॉवर! तिथे जाऊन कोणी अर्थशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकतं हे पुष्कळांच्या गावीही नसतं. पण हे चित्र बदलतं आहे. २०२४ च्या प्रजासत्ताकदिनाला फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन पाहुणे म्हणून आले होते, तेव्हा २०३० पर्यंत ३०,००० भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये यावेत, असं उद्दिष्ट त्यांनी जाहीर केलं. पुण्या-मुंबईत तर 'मार्क मिळवून देणारा विषय' म्हणून फ्रेंच घेणाऱ्या मुली घरोघरी आहेत. त्यांतली एखादी उद्या म्हणाली, "आई, मी फ्रान्सला जाऊ?" तर आईला चार गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या माहितीतल्या तीन मुली तिथे शिकल्या. एक माझी जुनी विद्यार्थिनी, पॅरिसला फ्रेंच साहित्यासाठी गेलेली. दुसरी माझ्या मावसबहिणीची लेक, माँपेलिएला जीवशास्त्र शिकणारी. आणि तिसरी आमच्या शेजारच्या वहिनींची धाकटी, आल्प्सच्या कुशीतल्या ग्रनोबलला अर्थशास्त्रात एम.ए. करायला गेलेली. तिघींशी निवांत बोलले, त्यांच्या आयांशीही बोलले. खरी माहिती, बरं का, आयांकडूनच मिळते!

पैशाचा हिशेब

आधी पैशाचं बोलू. फ्रान्समध्ये सरकारी विद्यापीठं आहेत आणि निराळ्या, बहुतेक महाग अशा खाजगी संस्थाही आहेत. सरकारी विद्यापीठाच्या शिक्षणाचा खर्च बराचसा सरकारच उचलतं. २०१८ सालापर्यंत परदेशी मुलांनाही फ्रेंच मुलांइतकीच फी होती, पदवीसाठी वर्षाला १७० युरो आणि पदव्युत्तर वर्गासाठी २४३ युरो. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या सरकारने युरोपबाहेरच्या मुलांची फी एकदम वाढवली आणि २०१९ पासून पदवीला २,७७० व पदव्युत्तरला ३,७७० युरो ठरवले. पुढे हे आकडे थोडे आणखी चढले. मात्र पुष्कळ विद्यापीठांनी आपल्या अधिकारात ही वाढ माफ केली. तेव्हा अर्ज करतानाच "या विद्यापीठात परदेशी मुलांना माफी आहे का?" हे विचारून घ्यावं. एवढ्या एका प्रश्नाने दोन-तीन लाख रुपये वाचू शकतात.

खरा खर्च राहण्याखाण्याचा. विद्यार्थी-व्हिसासाठी दरमहा ६१५ युरो हाताशी असल्याचा पुरावा मागत, पण पॅरिसमध्ये तेवढ्यात भागणं कठीण. लहान शहरात काटकसरीने जमतं. २०२५ साली युरो शंभर रुपयांच्या आसपास गेला, त्यावरून ज्याने त्याने गणित मांडावं. विद्यार्थ्यांना वर्षाला ९६४ तासांपर्यंत नोकरी करायची परवानगी असते. माझ्या विद्यार्थिनीने एका घरी मूल सांभाळायचं काम धरलं. साडेचारला शाळा सुटली की चार वर्षांच्या त्या पोराला घरी आणायचं आणि आई येईपर्यंत त्याच्याशी खेळायचं. ती म्हणते, "बाई, माझं फ्रेंच विद्यापीठाने नाही, त्या पोराने सुधारलं. मी चुकले की तो खदखदून हसायचा!"

नऊ मीटरचं घर

विद्यार्थ्यांसाठी तिथे 'क्रूस' नावाची सरकारी यंत्रणा आहे. वसतिगृहं आणि खाणावळी तीच चालवते. वसतिगृहातली जुनी खोली साधारण नऊ चौरस मीटरची, म्हणजे आपल्या दहा बाय दहाच्या स्वयंपाकघराएवढी. तेवढ्यात पलंग, टेबल आणि कपाट. स्वयंपाकघर मजल्यावर सगळ्यांचं मिळून. भाडं कमी असल्याने या खोल्यांवर उड्या पडतात आणि परदेशी मुलांना त्या मिळतीलच याचा भरवसा नसतो.

बाहेर खोली घ्यायची तर घरमालक जामीनदार मागतो, तोही फ्रान्समध्ये पगार असणारा! आपल्या मुली तो कुठून आणणार? पॅरिसच्या मुलीला याच कारणावरून दोन घरं नाकारली गेली. पंधरा दिवस ती एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपली, आणि आईला मात्र "सगळं छान आहे" असं सांगत राहिली. शेवटी तिला 'व्हिझाल' या योजनेचा पत्ता लागला. विद्यार्थ्याला फुकट जामीन मिळवून देणारी ही योजना २०१६ पासून आहे. मुलीने ही चौकशी इथूनच करून ठेवावी. घरभाड्याला मिळणाऱ्या सरकारी मदतीवर मात्र विसंबू नये, कारण युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची ही मदत काढून घेण्याचा प्रस्ताव २०२५ साली तिथल्या सरकारनेच मांडला.

चार विसा आणि सतरा

भाषेची गंमत ऐका. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस', आणि सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-सतरा'. त्यात टेलिफोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगायची तिथे रीत. लिहून घेणाऱ्याची त्रेधा उडते! पण माँपेलिएची आमची भाची म्हणाली, "मावशी, मला ते पटकन जमलं. आजी नाही का आंबे मोजताना 'चार विसा' म्हणायची!" आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखंच त्यांचं 'त्यु' आणि 'व्हू' असतं. प्राध्यापकांना, दुकानदाराला, अनोळखी बाईला 'व्हू'च म्हणायचं. इंग्रजीत हा भेद नसल्याने अमेरिकन मुलं गडबडतात, आपल्या मुलींना ते अंगवळणी असतं. शिवाय दुकानात शिरताना आधी 'बाँजूर' म्हणायचं. न म्हणता थेट "अमुक आहे का?" विचारलं तर तो उद्धटपणा समजतात.

पण बाजारातलं फ्रेंच वेगळं आणि वर्गातलं वेगळं. मोठ्या सभागृहात शेकडो मुलांपुढे प्राध्यापक तास-दोन तास भरभर बोलतात, फळ्यावर फारसं लिहीत नाहीत, हातात नोट्सही देत नाहीत. त्याला जोडून लहान वर्ग असतात. तिथे गणितं, उतारे सोडवायचे आणि हजेरी चुकवायची नाही. पहिले दोन महिने तिघींनाही निम्मंच कळत होतं. पोलंडहून १८९१ साली पॅरिसला शिकायला आलेल्या मारी क्युरीलाही आपलं फ्रेंच अपुरं पडतंय असं वाटलं होतं. १८९३ साली ती पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिली आली, ही गोष्ट मी माझ्या वर्गात नेहमी सांगते.

आठ मार्कांचा धक्का

आता वहिनींच्या लेकीची हकीकत, तिच्या परवानगीने. इथे ती बी.ए.ला पहिल्या वर्गात आलेली. तिच्यासाठी वहिनींनी राहत्या घरावर कर्ज काढलं. जानेवारीत पहिल्या सहामाहीचा निकाल लागला आणि सरासरी आली वीसपैकी आठ. पास व्हायला दहा लागतात. चार दिवस तिने घरी फोनच केला नाही. पाचव्या दिवशी कळलं तेव्हा भाऊ एवढंच म्हणाले, "परत ये. इथे एम.ए. कर." वहिनी आमच्याकडे येऊन बसल्या, डोळ्याला पदर. कर्जाचा हप्ता, नातेवाइकांची तोंडं, आणि शिवाय अभ्यासात प्रगती दिसली नाही तर तिथलं राहण्याचं परमिट वाढवून मिळायला अडचण!

तिथली मार्कांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. सगळं वीसपैकी. बाराला 'बरा', चौदाला 'चांगला', सोळाला 'उत्तम' असा शेरा. वीसपैकी वीस फक्त देवालाच मिळतात, असं तिथे गमतीने म्हणतात. त्यामुळे आठ म्हणजे आपल्याकडचे चाळीस टक्के नव्हेत; थोडं कमी पडलं, एवढाच त्याचा अर्थ. अनेक अभ्यासक्रमांत एका विषयातली तूट दुसऱ्यातून भरून निघते, आणि नापास विषयांची परीक्षा पुन्हा देता येते. तिला 'रात्रापाज' म्हणतात.

मुलीने आईला फोनवर सांगितलं, "आई, मी नापास झालेय. पण का झाले ते मला कळलंय." तिने प्राध्यापकांची वेळ मागून आपला पेपर पाहिला होता. माहिती सगळी बरोबर होती. पण निबंधात आधी एक प्रश्न उभा करायचा, मग दोन्ही बाजू तोलून आपलं मत बांधायचं, ही तिथली शिस्त. हिने पाठ केलेलं सगळं ओळीने उतरवून काढलं होतं. आपल्याकडे यालाच पैकीच्या पैकी पडतात! मी मुलांना इतकी वर्षं शिकवते आहे, पण हे ऐकून विचारात पडले.

वहिनींनी धीर केला आणि भाऊंना म्हणाल्या, "जूनपर्यंत थांबू या." मुलीने दर आठवड्याला एक निबंधाचा आराखडा लिहून लहान वर्गाच्या शिक्षकांना दाखवायला सुरुवात केली. सेनेगलहून आलेल्या एका वर्गमैत्रिणीने आपल्या वह्या दिल्या. फ्रेंच तिच्या शाळेची भाषा, त्यामुळे तिच्या नोट्स पूर्ण असत. बदल्यात हिने तिला संख्याशास्त्र समजावलं. जूनमध्ये पुन्हा परीक्षा झाली, साडेअकरा मिळाले आणि वर्ष वाचलं. वीसपैकी साडेअकरा मार्कांना पेढे वाटणारी आमच्या आळीतली ही पहिलीच आई असेल!

कुकर, मसूर आणि रविवार

शाकाहारी मुलींचे पहिले दिवस कठीण जातात, पण उपाशी कोणी राहत नाही. विद्यार्थ्यांच्या खाणावळीत २०२४ साली पूर्ण जेवण ३ युरो ३० सेंटला होतं. दुकानात 'लाँतिय कोराय' म्हणून जी मिळते ती आपली मसुरीची डाळ. पॅरिसला ला शापेल भागात श्रीलंकन तमिळ लोकांची दुकानं आहेत. तिथे कढीपत्त्यापासून भेंडीपर्यंत सगळं मिळतं. त्याच भागातल्या गणपतीच्या देवळाची रथयात्रा उन्हाळ्याच्या अखेरीस निघते आणि भर पॅरिसच्या रस्त्यावर नारळ फुटतात! माझी विद्यार्थिनी तिथे गर्दीत उभी राहून रडली म्हणे.

सगळ्यात सांभाळायचं ते मन. डिसेंबरात पाच वाजता अंधार पडतो, रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात, आणि नाताळच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत वसतिगृह ओस पडतं. त्या दिवसांत घरून फोन गेला पाहिजे, तोही मार्कांची चौकशी करायला नव्हे.

जाण्यापूर्वी एवढं करा

१. अर्ज आणि व्हिसाची वाट 'कॅम्पस फ्रान्स'मधून जाते आणि तिथे मुलाखत होते. "हाच विषय का?" याचं उत्तर मुलीला स्वतःच्या शब्दांत देता यावं.

२. अभ्यासक्रम फ्रेंचमधून असेल तर बहुधा बी-२ पातळीची परीक्षा मागतात. ती पास झाल्यावरही सहा महिने रोज फ्रेंच ऐकण्याची सवय ठेवावी.

३. संस्था खाजगी असेल तर तिच्या पदवीला फ्रेंच सरकारची मान्यता आहे ना, हे आधी पाहावं. नुसत्या चकचकीत माहितीपत्रकावर जाऊ नये.

४. जन्मदाखल्याच्या प्रती आणि त्याचं अधिकृत फ्रेंच भाषांतर जवळ असावं. आरोग्यविम्याच्या नोंदणीला ते लागतं. ही नोंदणी विद्यार्थ्यांना फुकट असते, ती पोचल्याबरोबर करावी.

५. पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाची नोंद करून घ्यावी. हे विसरून चालत नाही.

६. कुकर द्यायचा तर इंडक्शनवर चालणारा, स्टीलच्या बुडाचा द्यावा. साधा ॲल्युमिनियमचा तिथे बहुधा शोभेला राहतो.

आणि सातवी गोष्ट आयांसाठी. मुलीला निघतानाच सांगून ठेवा, की आठ मार्क पडले तरी फोन करायचा, आणि पहिल्याच दिवशी करायचा. बाकीचं सगळं ती तिथे शिकेल, पण एवढा भरवसा तिने घरूनच घेऊन जायला हवा.